दिल्लीला फोन लागत नाही

माझे बाबा आयुष्यात एकाच कोर्टावर मनापासून रागावले, आणि ते होतं देशातलं सगळ्यात मोठं. तलाठी, तहसील, लाइनमन यांच्यावर ते रोज चिडत, पण त्या चिडण्याला काही अर्थ नव्हता. भाकरीसोबत ठेचा लागतो तसं ते त्यांना लागायचं. कोर्टावरचा राग मात्र खरा होता. आणि त्या रागात मी आयतीच सापडले, कारण घरात काळा कोट घालणारी मी एकटी. वाशीमच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं. अशील तर सोडाच, बसायला धड खुर्ची मिळत नव्हती. तेवढ्यात दिल्लीहून बातमी आली, की बैलांच्या शर्यती बंद.

आमच्याकडे त्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. नुसतं पट म्हटलं तरी चालतं. हलकी छकडी, दोन बैल, वर एक धुरकरी, म्हणजे हाकणारा. तुरी निघाल्या की मोकळं वावर सरळ रेषेत साफ करायचं, दोन टोकांना दोऱ्या बांधायच्या आणि कोणती जोडी किती सेकंदात जाते ते घड्याळावर पाहायचं. आमचं गाव शेलूबाजारपासून जीपनं पंधरा मिनिटांवर. पटाच्या दिवशी त्या पंधरा मिनिटांना दीड तास लागायचा, एवढी गर्दी.

बंदी आली तेव्हा आमच्या गोठ्यात एक पांढरा गोऱ्हा होता. माणसांची नावं घ्यायची नाहीत असं मी ठरवलंय, मग बैलाचं तरी काहून घ्यायचं? पांढराच म्हणते. अजून त्याचे दुधाचे दात पडले नव्हते, पण पळण्याची अशी खोड की दावं सोडलं की थेट पांदण रस्त्याच्या टोकाला जाऊन मागं वळून पाहायचा, कोण येतंय का म्हणून. शेलूबाजारचे बैलांचे एक व्यापारी आमच्याकडे येत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. बैलाच्या तोंडात हात घालून वय सांगायचे आणि कधी खोटं सांगायचे नाहीत, म्हणून त्यांचा धंदा फारसा वाढला नाही. चाचांनी गोऱ्ह्याचे खूर पाहिले, छाती पाहिली आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, याले इकू नको. हा पटाचा हाय." त्या दिवसापासून बाबांच्या मनात एकच गोष्ट होती. या बैलानं आपल्या गावच्या पटात पळावं, लाउडस्पीकरवर त्याचे सेकंद पुकारावे आणि ते फळ्यावर लिहिले जावेत. पहिला नंबर नाही आला तरी चालेल. लिहिलं गेलं पाहिजे.

आणि पटच बंद झाला.

"तू त्या कोर्टात हायेस ना?" बाबा मला म्हणाले. "मंग सांग ना त्यायले."

"कोनाले सांगू बाबा?"

"तुह्या वाशीमच्या साह्यबाले सांग. तो वरच्याले सांगन. वरचा दिल्लीले फोन लावन."

"कोर्टाले फोन लागत नाही, बाबा."

"फोन सगळ्यायले लागते. नंबर पाह्यजे फक्त."

मला राग यायला वेळ लागत नाही, हा गुण मी बाबांकडूनच घेतलाय. मी त्यांना समजावलं, म्हणजे ओरडलेच, की न्यायाधीश कोणाच्या सांगण्यावरून निकाल देत नसतात, आणि बैल स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही म्हणून त्याच्या बाजूनं माणसं गेली. बाबांनी शांतपणे तंबाखू मळली. मग विचारलं, "बैलानं वकीलपत्र देल्लं काय त्यायले? खूर उमटवला का कागदावर?" यावर कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही.

मी गोठ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं तुतारी उभी होती. आमच्याकडे तुतारी म्हणजे फुंकायची नव्हे, टोचायची. लांब काठी, टोकाला लोखंडी आर. "हे कायले ठेवलं मंग?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "ते धाकासाठी." आजोबांनी धाकासाठी ठेवलं, त्यांच्या वडिलांनीही. धाकासाठी ठेवलेल्या वस्तूचं टोक इतकं झिजतं कसं, हे मी विचारलं नाही. माझं लग्न अजून व्हायचं होतं, माहेर तोडायचं नव्हतं.

पुढची काही वर्षं बाबांनी फोनचा नंबर शोधण्यात घालवली. गावच्या सरपंचांना भेटले. वाशीमजवळच्या मालेगावला एका पुढाऱ्याच्या घरी तासभर बाकावर बसले. पुढारी म्हणाले, पाहतो. त्यांच्यापेक्षा मोठे पुढारी सभेत म्हणाले, पट म्हणजे आपली परंपरा, सुरू करूच. सगळ्या पक्षांचे लोक एका सुरात बोलत होते, आणि असं आमच्या भागात लग्नाच्या पंगतीतसुद्धा होत नाही. सरकारनं कायदा बदलला. तरी कोर्टानं म्हटलं, थांबा. आणि सगळे थांबले.

बाबांना यातलं हेच कळेना. त्यांनी उभ्या जन्मात असं कुलूप पाहिलं नव्हतं, जे कुठल्याच ओळखीनं उघडत नाही. सातबारा असो, विजेची डीपी असो, पोराचा दाखला असो, कोणीतरी कोणाला तरी ओळखतो आणि काम होतं. "एवढे मोठे लोक बी त्यायले सांगू शकत नाही मंजे का?" ते मला पुन्हा पुन्हा विचारत. रागानं नाही, अचंब्यानं. आणि शेवटी नेहमीच्या जागी येऊन थांबत, "दिल्लीत कोनाच्या घरी बैल हाय? ज्याच्या गोठ्यात बैलच नाही, त्याले काय समजते?"

एकदा ते वाशीमला माझं काम पाहायला आले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं ऐकतच ते म्हातारे झाले होते, म्हणून चप्पल बाहेर काढून आत आले. माझा एक किरकोळ दिवाणी दावा होता, बांधाच्या भांडणाचा. त्या न्यायाधीशांना मी रोज वाकून नमस्कार करायची, तेही मान हलवायचे. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाबांच्या डोळ्यांदेखत माझ्या विरोधात निकाल दिला. बाहेर चहाच्या टपरीवर बाबांनी कप बशीत ओतला आणि म्हणाले, "रोज नमस्कार करते मनतेस, मंग त्याचा उपेग काय?" मला इतकी लाज वाटत होती की मी वडा खाल्ला नाही. त्यांनी माझाही वडा खाल्ला. घरी आईला मात्र मोठ्या खुशीनं सांगितलं म्हणे, की पोरीचा साहेब पक्का आहे, ओळख दाखवतच नाही.

मधल्या काळात कोर्टानं तात्पुरती परवानगी दिली. आजूबाजूला पट भरू लागले. आमच्या गावात बैठक बसली, आणि आडवे कोण आले? बाबाच. "तात्पुरतं काय कामाचं?" ते म्हणाले. "उद्या अखीन बंद झालं त मी बैलाले काय सांगू? पक्कं होऊ द्या." पांढऱ्याची उमेद तेव्हा अजून टिकून होती. मी म्हटलं, बाबा, बैलाचं वय कोर्टासाठी थांबत नाही. ते म्हणाले, "माहीत हाय मले."

पक्क्या निकालासाठी दिल्लीत पाच न्यायाधीश एकत्र बसले, आणि सुनावणी मोबाइलवर दिसते असं कळल्यावर बाबा पहिल्या बसनं वाशीमला आले. सोबत डबा आणि चाचा. बार रूमच्या मागच्या कडुनिंबाखाली आम्ही तिघं एका मोबाइलवर वाकून बसलो. सगळं इंग्रजीत चाललेलं, मी जमेल तसं मराठीत सांगत होते. शर्यतीच्या विरुद्ध बाजूच्या वकिलाला एका न्यायाधीशांनी कोंडीत पकडलं, तर बाबांनी मांडीवर थाप मारली. "आपला मानूस हाय हा." दहा मिनिटांनी त्याच न्यायाधीशांनी आमच्या बाजूच्या वकिलालाही तसंच कोंडीत पकडलं. बैलाला पळायला आवडतं हे तुम्हाला कसं कळलं, असा काहीसा प्रश्न होता. बाबांची थाप हवेतच राहिली.

"हा नेमका कोनाचा मानूस हाय?" त्यांनी विचारलं.

"कोनाचाच नाही," मी म्हटलं.

"असा मानूस असते का कुठी?"

चाचा बिडी विझवत म्हणाले, "भाऊ, बैलाच्या तोंडात हात घातल्यावर मी कोनाचा असतो? घेनाऱ्याचा का इकनाऱ्याचा?" बाबांनी यावर बराच विचार केला. डबा उघडायचाही विसरले, शेवटी मीच उघडला.

निकाल आला. पट सुरू, पण अटींवर. बैलाला टोचायचं नाही, मारायचं नाही, शेपूट पिरगाळायचं नाही, आधी जनावरांच्या डॉक्टरांनी तपासायचं, कलेक्टरांची परवानगी घ्यायची, सगळ्याचं चित्रीकरण करायचं. बाबांनी त्या अटी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतल्या की त्यांना पाठ झाल्या. गावात कोणी काही विचारलं की हे ठणठणीत आवाजात अट सांगत. आणि हिवाळ्यात पट भरवायचं ठरलं तेव्हा मोठा पंच कोण, यावर फार वेळ गेला नाही. ज्या माणसानं इतकी वर्षं कोर्टाला शिव्या दिल्या, त्याच्याइतका कोर्टाचा हुकूम गावात कोणालाच माहीत नव्हता. घरी येऊन त्यांनी तुतारीची आर काढली आणि काठी वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवली.

"बाबा, तुमची जोडी बी पळन," मी म्हटलं. "पंच अन् मालक एकच कसा चालन?"

"माही जोडी सुटली का मी खुर्ची सोडून देईन. लाल झेंडा चाचाच्या हाती हाय. तो पाह्यीन." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वकील घरात एकच आहे असं समजू नकोस.

आता आमच्या पटाची एक रीत सांगायला हवी. चाचांसारखा धावेवरचा पंच लाल झेंडा दाखवून जोडी बाद करतो. ज्याला ते मान्य नाही त्यानं मोठ्या पंचाच्या टेबलावर आपल्या खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा. पंचानं तो उचलून परत त्याच्या खांद्यावर घातला तर दाद लागली. हातात दिला तर घरी जा. त्याच्यावर बोलणं नाही. गाव हे कोणाकडून शिकलं माहीत नाही, पण कायद्याच्या कॉलेजच्या तीन वर्षांत अपील म्हणजे काय ते मला इतकं स्वच्छ कोणी शिकवलं नव्हतं.

धुरकरी होता माझा भाऊ. त्याची अडचण एकच, आणि ती जुन्या सगळ्या धुरकऱ्यांची होती. छकडीवर उभं राहिलं की उजवा हात आपोआप बैलाच्या शेपटाकडे जातो. लहानपणापासून हात तसाच वळलेला. बाबांनी महिनाभर त्याच्याकडून पांदण रस्त्यावर सराव करून घेतला, दोन्ही हातांत कासरा देऊन. हात सुटला की बाबा मागून ओरडायचे, "अट नंबर तीन!" पोरं हसून बेजार. तिसऱ्या आठवड्यात भावाची बायको म्हणाली, हे झोपेतही अट नंबर तीन म्हणून राह्यले.

पटाच्या दिवशी डॉक्टरांनी पांढऱ्याचे दात पाहिले, मग बाबांकडे पाहिलं, मग पुन्हा दात पाहिले. त्याच्या वयाचे बैल सावलीत बसून रवंथ करत होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, चालवून पाहिलं, वळवून पाहिलं. म्हणाले, "वय झालंय, पण दम शाबूत आहे. आज पळू द्या. पुढच्या वर्षी आणू नका." बाबा म्हणाले, "आजचंच काम हाय साह्यब."

दुपारी आमची जोडी उभी राहिली. पांढऱ्यासोबत एक तरणा तांबडा. बाबा ठरल्याप्रमाणे खुर्चीवरून उठले आणि बाजूच्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले, हात मागं बांधून. झेंडी पडली. मी खूप पट पाहिलेत, पण त्या दिवशी मला नीट काही दिसलंच नाही, कारण मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बोटांच्या फटीतून एवढं दिसलं, की पांढरा मान खाली घालून निघाला, लहानपणी पांदण रस्त्यावर निघायचा तसाच. अर्ध्यात जरा मंदावला. तांबडा पुढं ओढू लागला. आणि तेवढ्यात भावाचा उजवा हात कासरा सोडून मागं गेला. एकदाच. शेपटाला पीळ बसला, पांढरा दचकून पुढं झाला आणि शेवटच्या टोकाची दोरी तुटली.

लाउडस्पीकरवर सेकंद पुकारले. आतापर्यंतच्या जोड्यांत दुसरा नंबर. टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या. फळ्याजवळच्या मास्तरांनी खडू उचलला. आणि चाचांनी लाल झेंडा वर केला.

भाऊ पळतच टेबलाशी आला आणि त्यानं दुपट्टा टाकला. खुर्ची रिकामी होती. बाबा बाभळीखालून हळूहळू चालत आले, पण बसले नाहीत. सरपंच म्हणाले, जाऊ द्या, म्हातारा बैल आहे, इतकी वर्षं थांबलाय. चित्रीकरण करणारा म्हणाला, माझ्यात स्पष्ट आलेलं नाही. एवढंच काय, मालेगावकडून आलेला पाहुणा, ज्याच्या जोडीचा पहिला नंबर होता, तोही म्हणाला, "आमची काई हरकत नाही काका, लिवा." सगळा गाव एका बाजूला झाला होता. आपला तो बाब्या असं कोणी म्हटलं नाही, पण मनात सगळ्यांच्या तेच.

आणि मग मी पुढं गेले. खोटं कशाला बोलू? मला तो खडू फळ्यावर टेकायला हवा होता. मी जवळ जाऊन अगदी खालच्या आवाजात, अशिलाला समजावतात तशी म्हणाले, "बाबा, हात लागला, पिरगाळलं असं पक्कं कोनी सांगू शकत नाही. संशयाचा फायदा देता येते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जरा हसूनच.

"वकीलबाई, फोन लावून राह्यली का?"

मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माह्या घरचा खटला माह्यापुढं चालत नाही. चाचानं जे पाह्यलं ते पाह्यलं. त्याचंच कायम." त्यांनी टेबलावरचा दुपट्टा उचलला, झटकला, नीट घडी केली आणि भावाच्या हातात दिला. मास्तरांनी खडू खाली ठेवला. चाचा अजून धावेच्या कडेला झेंडा वर धरून उभे होते, कारण तो खाली घे असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाबांनीच जाऊन त्यांचा हात खाली केला, आणि दोघं पुढच्या जोडीकडे पाहू लागले.

उन्हं कलल्यावर आम्ही घरी निघालो. भाऊ पुढं तांबड्याला घेऊन चालला होता, पांढऱ्याचा कासरा बाबांच्या हातात, मी त्यांच्या बाजूला. भाऊ मागं वळून रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाबा, माह्या हातानं घात केला." बाबा म्हणाले, "हात तुहा नोता तो. आजोबाचा होता. जाईन हळूहळू."

मला वाईट वाटत होतं, आणि लाजही वाटत होती. इतकी वर्षं ज्यांना मी न्यायाधीशांचं स्वातंत्र्य वगैरे शिकवत होते, त्यांच्याकडेच मी शिफारस घेऊन गेले होते. मी विचारलं, "बाबा, लय वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. कालपासून जेवन गोड लागत नोतं मले त्या फळ्यापायी." थोडं चालल्यावर ते थांबले. पांढऱ्याच्या पाठीवरची धूळ त्यांनी आपल्या दुपट्ट्यानं पुसली, मानेखाली खाजवलं. पांढऱ्यानं डोळे मिटले.

"मी मनत होतो ना, का दिल्लीत कोनाच्या घरी बैल नाही मनून," ते म्हणाले. "चुकलो मी पोरी. त्यायच्या बी घरी एखांदा पांढरा असन."

बाबांशी वाद न घालता मी घरी पोचले, असा तो एकच दिवस.